मी वाद्यांचा आवाज खाली ओढला

माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधीचं सगळं, मांडवाला उंबराची फांदी बांधण्यापासून नवरीला न्हाऊ घालण्यापर्यंत, धवलारीण गाऊन पार पाडते. हे गाणं, म्हणजे धवला, करमणुकीचं नाही. धवल्यात ती देवांना, गावदेवीला, समुद्राला आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन लग्नाला बोलावते. ज्याचं नाव घेतलं नाही त्याला बोलावणं गेलं नाही. आमच्या मढ गावात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मी सांगते आहे, कारण हे माहीत नसेल तर पुढे मला जो धक्का बसला तो धक्का का होता हेच कळणार नाही.

मी त्याच घरातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर आहे आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांना ते सांगावं लागत नसेल, मला लागतं. लग्नानंतर वाकोल्याला राहते आणि अंधेरी पूर्वेच्या एका लहान कंपनीत काम करते. आम्ही आवाजाचं सॉफ्टवेअर बनवतो. गायकाचा माइक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळे आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायचे, कुणाचा किती ठेवायचा ते ठरवायचं आणि स्पीकरला सोडायचे. मोठ्या मिक्सरचं काम लॅपटॉपवर, इतकं सोपं.

त्या वर्षी माझ्याकडे एक नवीन काम आलं. लॅपटॉपपाशी न बसता, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून, वायफायवरून या सॉफ्टवेअरला हुकूम देता आला पाहिजे. त्यासाठी जगभर वापरतात अशी एक पद्धत आहे, ओएससी म्हणतात तिला. एकेका हुकमात दोन गोष्टी असतात, एक पत्ता आणि एक आकडा. पत्ता म्हणजे, समजा, कीबोर्डचा आवाज. आकडा म्हणजे किती. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे पूर्ण. फोनवर बोटाने पट्टी सरकवली की हे हुकूम भराभर सुटतात आणि लॅपटॉपवरची पट्टी तशीच सरकते. ऐकायला सोपं, पण पहिल्यांदा केलं तेव्हा आवाज सरकायच्या ऐवजी पायऱ्या उतरल्यासारखा उतरायचा आणि प्रत्येक पायरीवर स्पीकर कडकड करायचा. ते गुळगुळीत करण्यात माझे कितीतरी दिवस गेले. मग उलटा रस्ताही लिहिला. लॅपटॉपवर कुणी पट्टी हलवली तर ती फोनवरही आपोआप हलली पाहिजे, नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या मानून बसतात.

आमचा टीम लीड मुलुंडचा, गाण्याच्या मैफिलींना जाणारा. त्याने विचारलं, "टेस्टिंग कुठे करायचं? एखादं ऑडिटोरियम बघू या?"

"माझ्या आतेभावाची बेंजो पार्टी आहे. हळदीला वाजवतात. आपलंच सॉफ्टवेअर वापरतात."

"बेंजो पार्टी? यार, आपण जरा प्रोफेशनल लोकांसाठी बनवतोय ना."

"तो पोटासाठी वाजवतो. याहून प्रोफेशनल काय असतं? आणि मढच्या हळदीत चाललं तर कुठेही चालेल. तू ये एकदा, दुसऱ्या दिवशी कान शोधत फिरशील."

तो हसला आणि हो म्हणाला. आला मात्र नाही.

आतेभाऊ म्हणजे या धवलारीण आत्याचाच मुलगा. माझ्याच वयाचा. आई लग्न लावते आणि मुलगा त्याच मांडवात वाजवतो, अशी त्यांची जोडी आमच्याकडे ठरलेली. नवीन सोय त्याला फार आवडली. आजवर तो लॅपटॉपपाशी अडकून पडायचा आणि समोर लोकांना काय ऐकू येतंय ते त्याला कळायचं नाही. म्हणाला, "तूच फोन घेऊन समोर उभी राहा. कानाला बरं वाटंल तसं कर. इंजिनीअर बाय हाय आमची, फुकट कशाला घालवू."

हळद होती मढला, माझ्या माहेरासमोरच्या घरी. नवरीची आई माझी चुलती लागते, मी काकी म्हणते. काका दोन पावसाळ्यांपूर्वी काविळीने गेले. काकी त्यानंतर मासळी घेऊन बाजारात बसते ती आजपर्यंत. सुक्या बोलण्याची बाई. त्या दिवशी दुपारी मांडवात शिरले तर तिने मला खांबापाशीच धरलं.

"बाय, ती मशीन तुझी ना?"

"त्यातलं थोडं माझं आहे काकी."

"मंग एक काम कर. हळद लागताना तुझी आते धवला बोलंल. तवा या मेल्या बेंजोला जरा गप कर. माझ्या लग्नात तिनं गायलेलं, मना अजून पाठ हाय. आता कुनाच्या हळदीत एक शब्द आयकू येत नाय. नुसतं धडाम धडाम." मग ती पदर खोचत म्हणाली, "पोरीच्या बापाला बोलवायचं हाय. तो आयकंल कसा या गोंधळात?"

मी आतेभावाला जाऊन सांगितलं. तो केबल लावत होता. वरही बघितलं नाही.

"नाय जमनार."

"का नाही जमणार? धवल्यापुरता आवाज कमी करायचा."

"आईचा माइक शिट्टी मारतो. फीडबॅक येतो."

"माइक वर केलास तर येईल. वाद्यं खाली केल्यावर कसा येईल? मला शिकवतोस?"

"पब्लिक थंड होते मग. तू तुझं टेस्टिंग कर ना, आमच्यात कशाला पडतेस?"

फीडबॅकचं कारण खोटं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा रोजचा धंदा आहे तो. मला वाटलं, याला स्वतःच्या आईपेक्षा स्वतःचा कीबोर्ड मोठा झालाय. मी म्हटलं ठीक आहे, आणि समोर जाऊन उभी राहिले. फोनवर मी सगळ्या वाद्यांची मिळून एक पट्टी केलेली होती आणि आत्याच्या माइकची वेगळी.

हळद सुरू झाली. नवरी पाटावर, भोवती बायका, हात हळदीने माखलेले. आत्या नेहमीसारखी नवरीच्या उजव्या हाताला, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, माइक तोंडाशी. तिचे ओठ हलू लागले. मी जन्मापासून बघत आले आहे ते दृश्य. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड इतके जोरात होते की माझ्या छातीचं हाड वाजत होतं. काकीने बायकांच्या घोळक्यातून मान वर काढून माझ्याकडे बघितलं. मी पट्टी खाली ओढली.

फार सुंदर उतरला आवाज. कडकड नाही, झटका नाही, भरती ओसरावी तसा गेला. त्या क्षणी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. वाद्यं शून्यावर आली. आणि मांडवात काहीच ऐकू येईना.

म्हणजे मागच्या अंगणात कालवणाला फोडणी पडली ती ऐकू आली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. पण गाणं नाही. आत्याचे ओठ हलत होते आणि गाणं नव्हतं.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं की माझाच हुकूम चुकीच्या पत्त्यावर गेला. वाद्यांबरोबर माइकही बंद झाला असणार. मी घाबरून फोनवर बघितलं. माइकची पट्टी पूर्ण वर होती. तिच्याशेजारी आवाज येतोय का ते दाखवणारी हिरवी रेघ असते, ती अगदी तळाशी हलत होती, थोडी वर, थोडी खाली. मग मला स्पीकरमधून ते ऐकू आलं. श्वास होता तो. माइक चालू होता आणि त्याच्यातून आत्याचा नुसता श्वास दोन मोठ्या स्पीकरांवरून सगळ्या मांडवाला ऐकू जात होता.

पट्टी वर करायला पाहिजे हे कळत होतं आणि बोट हलत नव्हतं. आत्याला शांतता उशिरा जाणवली. तिचे ओठ आणखी थोडे हलले, मग थांबले. तिने डोळे उघडले. बायकांचे हळदीचे हात नवरीच्या गालांजवळ तसेच अधांतरी. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हिचा आवाज कुटं गेला गो?"

तेवढ्यात माझ्या बोटाखालून पट्टी आपोआप वर सरकली. आतेभावाने लॅपटॉपवरून ढकलली होती. तो उलटा रस्ता मीच लिहिला होता. धडाम धडाम पुन्हा सुरू झालं, बायकांनी हळद फासली, कुणीतरी नाचायला लागलं. आतेभाऊ लॅपटॉपवरून माझ्याकडे बघत होता. रागाने बघत असता तर मला बरं वाटलं असतं. तो घाबरलेला होता.

हळद आटोपल्यावर काकीने आम्हाला तिघांना घरामागे नेलं, जिथे जाळी ठेवतात तिथे. आत्या एका उलट्या टोपलीवर बसली. तिची मान ताठ होती.

काकीने सरळ विचारलं, "माझ्या माणसाला बोलावलंस का नाय?"

"नाय," आत्या म्हणाली.

"कुनालाच नाय?"

"कुनालाच नाय."

मी म्हटलं, "आते, घसा बसलाय का? सांगायचं ना."

"घसा चांगला हाय. लय वरसांपूर्वी बसला व्हता. याच्या वाजवन्यावर ओरडून ओरडून बसला. डॉक्टर बोलला, गप राव. आनि लगीन तोंडावर. मी बोलले, नुसती जाऊन बसते, कुनी ना कुनी बोंबलंल, मंग बघू. बसले, तोंड हलवलं." ती माझ्याकडे वळली. "कोन बोंबललं नाय गो. लुगडं दिलं, पाया पडले, बोलले, काय गायलीस. मना वाटलं मस्करी करतात. मस्करी नव्हती. दुसऱ्या लग्नात घसा बरा झालेला, तरी तोंडच हलवलं. बघू बोलले, आता तरी कोन बोलतो का. मंग तसंच चाललं."

आतेभाऊ खाली बघत म्हणाला, "मना म्हाईत होतं. आईचा माइक माझ्याच लॅपटॉपवर येतो, त्याची रेघ तळालाच राहते. मना कळनार नाय? म्हणून कमी करत नाय मी. नायतर लोक काय बोलले असते तिला?"

मी इतका वेळ त्याला मग्रूर समजत होते. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्याच्याविषयी काही वाटायला जागाच नव्हती. माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला होता आणि तो मला थांबवता येत नव्हता. घसा बसला तो कधी? माझं लग्न झालं ते कधी?

"आते," मी विचारलं, "माझ्या हळदीला?"

तिने डोळे चुकवले नाहीत. "त्याच्या आधीच बंद झालेलं, बाय."

मी ऑफिसमध्ये किती अभिमानाने सांगितलेलं. आमच्याकडे भटजीच्या आधी बाईचा मान असतो, ती आमच्या पूर्वजांना गाऊन बोलावते. हळदीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला होता. त्यात आत्या आहे, पदर घेतलेली, ओठ हलवणारी, आणि मी डोळे भरून तिच्याकडे बघते आहे. माझे आजोबा, ज्यांनी बोट विकायची वेळ आली तरी मला शाळेतून काढू दिलं नाही, ते माझ्या लग्नाला आले आहेत असं मी त्या दिवशी धरून चालले होते. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी आवाजाची इंजिनीअर. तिच्यापासून दोन हातांवर पाटावर बसले होते आणि मला कळलं नाही.

मी देवाधर्माची नाही. पूर्वज गाण्याने येतात यावर माझा विश्वास आहे का, असं कुणी परीक्षेत विचारलं तर मी ‘नाही’ असं लिहीन. पण तिथे त्या जाळ्यांपाशी कुणी परीक्षा घेत नव्हतं.

काकी रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. माझी पोर उद्या दुपारी या घरातनं जानार. बापाला न सांगता जायची नाय. सकाळी न्हान हाय. तवा बोलाव त्याला."

आत्याने उलट्या हाताने ओठ पुसले. मग म्हणाली, "सगळं येत नाय आता मना. मधलं मधलं गेलंय."

"आई, नको," आतेभाऊ म्हणाला. "चारचौघांत अडकलीस तर? आज सगळ्यांनी बघितलंय. उद्या कान लावून बसतील."

"बसू दे. इतकी वरसं बसले नाय."

"वाट लागेल आपली."

"लागू दे," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "तू. तो मोबाईल घेऊन माझ्यासमोर बस. माझ्या हाताकडं बघ. हात खाली असंल तवा हे सगळं बंद. हात उचलला की वाजव. जोरात वाजव. मना आठवंपर्यंत."

सांगायला हरकत नाही, मी हे सॉफ्टवेअर लिहिताना ते कोण कोण वापरेल याची जी चित्रं डोळ्यांसमोर आणली होती त्यांत हे कुठेच नव्हतं.

सकाळी अंगणात न्हाणाचा चौक मांडला होता. नवरी पाटावर, चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांना सूत गुंडाळलेलं. काल म्हातारी जे बोलली होती ते गावभर झालं होतं, त्यामुळे न्हाणाला येतात त्याहून कितीतरी जास्त बायका आल्या होत्या. पुरुषही होते, खुर्च्या घेऊन. आत्या आली ती कुणाकडे न बघता आली. नवरीच्या उजव्या हाताला बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर, मांडीवर फोन. आतेभावाने वाजवायला सुरुवात केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

आत्याचा हात गुडघ्यावर होता. तो खाली, जमिनीकडे गेला. मी पट्टी ओढली.

आधी श्वासच आला, कालच्यासारखा. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. आणि मग आवाज आला. काकीच्या आठवणीतला आवाज तो नसावा. जाड, खरखरीत, सुरुवातीला सूर सोडून गेलेला. गंज चढलेली कडी ओढावी तसा. पण शब्द स्पष्ट होते. तिने गावदेवीला बोलावलं. मग समुद्राला, आणि समुद्राला बोलावताना तिने त्याला चांगलंच खडसावलं, की आज तरी कुणाला अडवून ठेवू नको. ते धवल्यातच आहे की तिने घातलं, मला माहीत नाही. लहानपणी कानावर पडले असतील, पण धवल्याचे शब्द मी नीट असे पहिल्यांदा ऐकत होते.

मग ती थांबली. तिचा हात वर आला. मी पट्टी वर नेली आणि आतेभावाने काय वाजवलं म्हणून सांगू. लोकांना वाटलं असेल ही अशीच चाल आहे, कडवं झालं की वाद्यं. पण मी तिचा चेहरा बघत होते. तिच्या पापण्या हलत होत्या, ती आत कुठेतरी शोधत होती. सापडलं. हात खाली. पट्टी खाली. नवरीचा पणजोबा आला, पणजी आली, आजा आला. पुन्हा हात वर. या खेपेला फार वेळ लागला. आतेभाऊ तेच तेच फिरवून वाजवत राहिला आणि मानेने मला विचारत राहिला, काय? मला तरी काय माहीत. फोनवरचं माझं बोट घामाने घसरत होतं. आत्याच्या ओठांवर एकही शब्द नव्हता. तोंड हलवायचं तिने सोडून दिलं होतं. ती नुसती बसली होती, हात हवेत, सगळ्यांना दिसत होतं की तिला आठवत नाहीये.

काकी घागर घेऊन नवरीच्या मागे उभी होती. ती थेंबभर पाणीही ओतेना.

हात खाली आला. एकदम आला, पडल्यासारखा. मी पट्टी ओढली ती नेहमीपेक्षा जोरात, आणि ती तरी गुळगुळीतच उतरली. आत्याने काकांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्याच्या पुढची ओळ तिला आठवली नव्हती हे मला आता ठाऊक आहे, तिनेच नंतर सांगितलं. म्हणून तिने नाव पुन्हा घेतलं, आणि पुन्हा, त्याच चालीत, आणि म्हणाली की तुझी लेक निघाली, ये.

नवरीने मान खाली घातली होती.

काकीने घागर खाली ठेवली. पहिल्या रांगेत तिचा भाचा पाय पसरून बसला होता, त्याच्यापाशी गेली आणि नेहमीच्या बाजारातल्या आवाजात म्हणाली, "उठ रे. जागा कर."

"कुनाला?"

"उठ बोलते ना."

तो उठला. काकीने पदराने खुर्ची पुसली, नवरीकडे तोंड करून नीट लावली, आणि परत जाऊन घागर उचलली. ती खुर्ची न्हाण संपेपर्यंत रिकामी होती. आत्याचा हात जमिनीवर टेकलेला होता, म्हणून मी पट्टी खालीच ठेवली, आणि सगळ्या अंगणात फक्त पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.